तलावाकाठची नोंदवही

३ ऑक्टोबर २०२३ची पहाट. दादरला शिवाजी पार्कजवळच्या महात्मा गांधी स्मारक जलतरण तलावाचे दार सभासदांसाठी उघडायचे होते. त्याआधी कर्मचारी रोजच्याप्रमाणे पाण्यावरून नजर फिरवत होते आणि पाण्यात त्यांना मगरीचे पिल्लू दिसले. जेमतेम दोन फुटांचे. ते पकडून वन विभागाच्या हवाली करण्यात आले. पुढचे दोन दिवस वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर या पाहुण्याचीच चर्चा होती. ते आले कुठून, यावर तर्क लढवले गेले, छायाचित्रे फिरली. या गदारोळात एक साधी गोष्ट मात्र मागे पडली. पिल्लू सापडले, कारण पहिली बॅच पाण्यात उतरण्याआधी कोणीतरी तलाव पाहायचा असतो आणि त्या दिवशी तो पाहिला गेला होता.

त्याच महिन्यात पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली. सकाळी पोहायला आलेल्यांना अचानक खोकल्याची ढास लागली, घसा जळू लागला, श्वास घेता येईना. डझनाहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले. दादरला बाहेरचा जीव पाण्यात शिरला होता. कासारवाडीला तर पाणी निर्धोक करण्यासाठी आणलेले औषधच माणसांवर उलटले.

सार्वजनिक तलावाच्या सुरक्षेचे बहुतेक प्रश्न या दोन घटनांच्या मधल्या पट्ट्यात येतात. पाण्यात काय आहे, पाण्यात काय टाकले, किती टाकले, कोणी मोजले आणि काठावर कोण उभे आहे? तलाव बांधताना कोट्यवधी रुपये खर्च होतात, उद्घाटनाची कोनशिला लागते. पण त्या तलावाची सुरक्षितता एकदा बांधून संपत नाही. ती रोज सकाळी, खरे तर दर दोन-चार तासांनी, नव्याने तयार करावी लागते. ते काम ज्यांच्या हाती असते त्यांची नावे कोनशिलेवर नसतात. पंप हाउसमधला ऑपरेटर आणि खुर्चीवरचा जीवरक्षक यांच्याकडे आपले लक्ष सहसा अपघात झाल्यावरच जाते.

आधी पाण्याचे गणित पाहू. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल तलावात पंचवीस लाख लिटर पाणी मावते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, शिफारशीप्रमाणे पोहण्याच्या पाण्यात निदान १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भाग पाण्याला एक भाग, मुक्त क्लोरीन असावा. पंचवीस लाख लिटरला हा हिशेब अडीच किलो क्लोरीनचा होतो. आपल्याकडे नगरपालिका आणि ग्रामपंचायती जिला टीसीएल म्हणतात त्या ब्लीचिंग पावडरमध्ये, ती ताजी असेल तर, एक तृतीयांशाच्या आसपास क्लोरीन असतो. म्हणजे साडेसात किलो पावडर. पोते दमट खोलीत महिनाभर उघडे पडले असेल, तर तेवढ्याच वजनात क्लोरीन पुष्कळ कमी भरतो. वजन केले, पावडर टाकली, नोंदवहीत आकडा लिहिला. नोंद खरी असूनही पाणी मात्र असुरक्षित राहू शकते. म्हणून पावडर किती टाकली हे लिहून भागत नाही, पाण्यात क्लोरीन किती उरला हे मोजावे लागते.

त्यात आपले ऊन. उघड्या तलावात स्थिरक नसेल, तर कडक उन्हात बहुतेक सगळा क्लोरीन दोन-तीन तासांत नाहीसा होतो. सकाळी सहाला घेतलेले माप दुपारी चारच्या मुलांच्या बॅचला काहीच सांगत नाही. सायन्युरिक आम्ल हे स्थिरक घातले की क्लोरीन उन्हात टिकतो. पण ते प्रमाणाबाहेर साठत गेले, तर क्लोरीनची जंतू मारण्याची गती मंदावते. म्हणून ते वापरणाऱ्या तलावांना सीडीसी किमान २ पीपीएम क्लोरीन राखायला सांगते.

दुसरा आकडा पीएचचा. पाण्यात विरघळलेला क्लोरीन दोन रूपांत असतो. त्यांतले हायपोक्लोरस आम्ल हे खरे काम करणारे रूप. पीएच साडेसातच्या आसपास असेल तेव्हा क्लोरीनचा निम्मा भाग या रूपात असतो. पीएच आठवर गेला की हा वाटा एक चतुर्थांशाच्याही खाली येतो. क्लोरीन तोच, मोजणीही तीच, पण जंतू मारण्याची ताकद निम्म्याहून कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या तलावविषयक मार्गदर्शिकेत क्लोरीन वापरणाऱ्या तलावांसाठी पीएच ७.२ ते ७.८ ठेवायला सांगितले आहे, त्यामागचे कारण हेच.

हे मोजायचे कसे? महाराष्ट्राच्या गावागावांत पिण्याच्या पाण्याची ‘ओटी टेस्ट’ ठाऊक आहे. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. अनेकांना तलावाची चाचणीही हीच वाटते. पण तो पिवळा रंग मुक्त क्लोरीन आणि घामा-मूत्राशी संयोग पावून निकामी झालेला क्लोरीन यांत नीट फरक करू देत नाही. शिवाय ते रसायन हाताळणाऱ्यासाठीही चांगले नाही, ते कर्करोगकारक असण्याचा संशय आहे. त्याऐवजी वापरायच्या डीपीडी नावाच्या रसायनाच्या गोळ्यांनी पाणी गुलाबी होते. पहिल्या गोळीने मुक्त क्लोरीन कळतो, पुढच्या गोळीने एकूण क्लोरीन. दोन्हींतला फरक म्हणजे पाण्यात साचलेली घाण. तलावाच्या कारभाराविषयी सर्वांत प्रामाणिक माहिती या वजाबाकीतून मिळते.

ती घाण कुठून येते, हे सांगायला कॅनडातला एक अभ्यास पुरेसा आहे. अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन शहरांतले ३१ तलाव आणि गरम पाण्याचे हौद तपासून २०१७ साली निष्कर्ष छापले. त्यांनी शोध घेतला कृत्रिम गोडी आणणाऱ्या एका पदार्थाचा, एसेसल्फेम पोटॅशियमचा. हा पदार्थ शरीरात न पचता लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो आणि क्लोरीनयुक्त पाण्यातही टिकतो. सुमारे ८ लाख ३० हजार लिटरच्या एका तलावात त्यांच्या अंदाजाने ७५ लिटर लघवी होती.

लघवी आणि घाम यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. तलावावर पाऊल ठेवताच नाकात जाणारा तो उग्र वास त्यांचाच. ‘क्लोरीनचा वास येतोय, म्हणजे पाणी स्वच्छ आहे’ असे आईवडील मुलांना सांगतात, आणि वस्तुस्थिती जवळजवळ उलटी असते. नीट राखलेल्या तलावाला फारसा वास नसतो. डोळे चुरचुरणे, पोहून आल्यावर खोकला येणे, हे बहुतेक वेळा निकामी क्लोरीन साचल्याचे लक्षण असते. बंदिस्त तलावांत हा वायू पाण्यालगतच्या हवेत साचतो आणि त्याचा सर्वाधिक त्रास होतो रोज तासन्‌तास तिथेच असणाऱ्या प्रशिक्षकांना आणि स्पर्धक मुलांना. उपाय अगदी साधा आहे. पाण्यात उतरण्याआधी निदान एक मिनिट शॉवरखाली उभे राहायचे. नियमफलकावर ही ओळ असतेच, पण शॉवरला पाणी येते का आणि कोणी त्याखाली उभे राहते का, हे पाहायला सहसा कोणी नसते.

क्लोरीन सर्वशक्तिमान नाही, हेही मान्य केले पाहिजे. सीडीसीच्या तक्त्यानुसार १ पीपीएम क्लोरीन आणि ७.५ पीएच असताना जीवघेणा ई. कोलाय जिवाणू एका मिनिटाच्या आत मरतो. कावीळ ‘अ’चा विषाणू सुमारे १६ मिनिटे घेतो, जिआर्डिया सुमारे ४५ मिनिटे. क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीला लागतात १५,३०० मिनिटे, म्हणजे साडेदहा दिवसांहून जास्त. जुलाब होत असलेले एक मूल पाण्यात उतरले, तर उत्तम राखलेला तलावही आठवडाभर आजार पसरवू शकतो. अशा प्रसंगी सर्वांना पाण्याबाहेर काढून क्लोरीन २० पीपीएमवर नेऊन पावणेतेरा तास ठेवावा, अशी पद्धत सीडीसीने आखून दिली होती. ‘जुलाब झाले असतील तर पाण्यात उतरू नका’ हा नियम वाचायला संकोच वाटतो, म्हणून अनेक फलकांवर तो नसतोच. टोपी घाला, तेल लावू नका, हे मात्र ठळक अक्षरांत असते.

केरळचा अनुभव अधिक गंभीर आहे. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत तिथे अमीबामुळे होणाऱ्या मेंदूज्वराचे रुग्ण वाढले. नेग्लेरिया फाउलेरी हा त्यांतला सर्वांत कुप्रसिद्ध अमीबा. तो पोटात गेला तर काही होत नाही. नाकात जोराने पाणी शिरले, तर वासाच्या मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि मग जगभरातला मृत्युदर ९५ टक्क्यांहून अधिक आहे. त्याला कोमट, संथ, क्लोरीन नसलेले पाणी आवडते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या आक्कुलम पर्यटन ग्रामातला तलाव आरोग्य विभागाने बंद करून पाण्याचे नमुने घेतले, कारण तिथे पोहून गेलेल्या एका किशोराला हा आजार झाला होता. पुरेसा क्लोरीन या अमीबाला मारतो. क्रिप्टोसारखा तो चिवट नाही. म्हणजे ही भीती मुख्यतः न मोजलेल्या, दुर्लक्षित पाण्याची आहे. उन्हाळ्यात तापून कोमट झालेला, पंप बंद पडलेला तलाव महाराष्ट्रातही धोक्याचाच.

आणि उपचारच कसा उलटतो? क्लोरीन वायू हवेच्या जवळजवळ अडीच पट जड असतो. तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, खोलगट जागी साचतो. पाण्यात असलेल्या माणसाचे नाक नेमके त्या पातळीवर असते. म्हणून गळती झाली तर खाली वाकून पळायचे नाही. उंच जागी जायचे, तेही वारा येतो त्या दिशेला. क्लोरीनचे सिलिंडर नसलेल्या तलावांतही वायू तयार होऊ शकतो. हायपोक्लोराइट आणि पीएच उतरवणारे आम्ल एकत्र आले की क्लोरीन मोकळा होतो. एकाच बादलीने, एकाच मापाने दोन्ही रसायने काढली, की झाला अपघात. आणखी एक प्रकार अधिक फसवा आहे. पाणी फिरवणारा पंप वीज गेल्यामुळे बंद पडतो, पण रसायने सोडणारे छोटे पंप चालूच राहतात. दोन्ही रसायने नळीत साचत जातात. मुख्य पंप सुरू झाला की वायूचा लोट थेट पोहणाऱ्यांमध्ये बाहेर पडतो. मुख्य पंप थांबला की रसायनांचे पंप आपोआप थांबतील, अशी जोडणी हा यावरचा उपाय. शिवाय पंप पुन्हा सुरू करण्याआधी सर्वांना पाण्याबाहेर काढायचे. वीज ये-जा करणाऱ्या आपल्या शहरांत हा नियम पहिल्या पानावर असायला हवा.

रसायनांची चूक जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेतही होते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सूर मारण्याच्या स्पर्धेचा तलाव एका रात्रीत हिरवागार झाला. क्लोरीन घातलेल्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले गेले होते. त्याने क्लोरीन निष्प्रभ केला आणि शेवाळ वाढले.

पाणी गढूळ झाले की जंतूंपेक्षाही जवळचा धोका उभा राहतो. जून २०११ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर शहराच्या सार्वजनिक तलावात एक महिला घसरगुंडीवरून पाण्यात उतरली आणि वर आलीच नाही. पाणी इतके गढूळ होते की तिचा मृतदेह दोन दिवस कोणाला दिसलाच नाही. तलाव चालू होता, लोक पोहत होते, आरोग्य निरीक्षक येऊन गेले होते. तिच्यासोबत आलेल्या नऊ वर्षांच्या मुलाने त्याच दिवशी जीवरक्षकांना सांगितले होते. तलाव उघडण्यापूर्वीची सर्वांत महत्त्वाची चाचणी कोणत्याही रसायनाशिवाय होते. खोल टोकाला काठावर उभे राहून तळाची जाळी, तिच्या पट्ट्यांसह, स्पष्ट दिसते का? दिसत नसेल तर दार उघडायचे नाही, रांगेत कितीही लोक असले तरी.

पाणी नितळ असूनही बुडणारा माणूस दिसत नाही, हे न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी दाखवून दिले. १९७०च्या सुमारास त्यांनी बुडणाऱ्यांचे चित्रीकरण करून बारकाईने पाहिले. सिनेमातला माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो. खरा बुडणारा ओरडू शकत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर येते तो क्षण श्वास घेण्यातच जातो. हात आपोआप दोन्ही बाजूंना पाणी दाबत राहतात, इशारा करायला मोकळे नसतात. शरीर उभे, पाय जवळजवळ स्थिर. हे सारे वीस ते साठ सेकंद चालते आणि मग तो खाली जातो. शेजारी गटांगळ्या खाणाऱ्या मित्राला ‘मस्ती करतोय’ समजून पोरे हसत राहतात, ती यामुळेच.

एवढ्या अवधीत ओळखायचे आणि पोहोचायचे, तर जीवरक्षकाला दुसरे कोणतेही काम असू शकत नाही. दहा सेकंदांत संकट हेरायचे, पुढच्या वीस सेकंदांत तिथे पोहोचायचे, हे त्याच्या प्रशिक्षणातले प्रचलित माप आहे. आपल्याकडच्या उन्हाळी बॅचचे चित्र आठवून पाहा. एकच सर मुलांना पाय मारायला शिकवतात, पास तपासतात, पालकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात आणि तेच जीवरक्षकही असतात. शिकवणाऱ्याची पाठ निम्म्या तलावाकडे असते. शिकवणारा वेगळा, राखणारा वेगळा, ही अट निविदेत स्पष्ट लिहायला हवी आणि तिचे पैसेही द्यायला हवेत. कमीत कमी दराच्या कंत्राटात सर्वांत आधी कापला जातो तो हा दुसरा माणूस.

उथळ टोकाला मुटका मारणाऱ्यांना हटकणे हेही त्याच्याच वाट्याला येते. स्पर्धेच्या तलावात सुरुवातीच्या चौथऱ्यासमोर किमान १.३५ मीटर खोली लागते, तीही सराव झालेल्या जलतरणपटूंसाठी. कमरेइतक्या पाण्यात डोके खाली करून सूर मारणाऱ्याची मान मोडते आणि जो जगतो तो पुष्कळदा हातापायांची ताकद गमावून.

काही नियमांमागे एकेका मुलाचे नाव असते. जून २००२ मध्ये अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रेम बेकर हिला गरम पाण्याच्या हौदातल्या निचऱ्याच्या तोंडाने तळाशी ओढून धरले. पंपाची ओढ इतकी जबर होती की तिची आई तिला सोडवू शकली नाही. अखेर दोन मोठ्या माणसांनी तिला ओढून काढले, तेव्हा झाकणच तुटले. मुलीला पोहता येत होते. तिच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि डिसेंबर २००७ मध्ये अमेरिकी संसदेचा कायदा झाला, त्याला त्या मुलीचेच नाव आहे. शरीराने झाकले जाणार नाही असे झाकण सार्वजनिक तलावांना बंधनकारक झाले. एकच तोंड असेल, तर ओढ आपोआप तोडणारी यंत्रणा किंवा तशीच दुसरी सोय लागते. आपल्या सोसायट्यांच्या आणि फार्महाउसच्या छोट्या तलावांत तळाची सपाट, सैल झालेली जाळी कोणी पाहिली असेल, तर हा कायदा त्याने आपल्या व्यवस्थापनाला आवर्जून सांगावा.

अशा काही कायद्यांपलीकडे कोणत्याच देशाने हा प्रश्न एका फटक्यात सोडवलेला नाही. ब्रिटनमध्ये तलावांसाठी वेगळा कायदा नाही. १९७४च्या कामाच्या ठिकाणच्या आरोग्य-सुरक्षा कायद्याखाली प्रत्येक तलावाने रोजच्या कामाची आणि आणीबाणीची लेखी योजना ठेवावी, अशी अपेक्षा असते. फ्रान्समध्ये १९५१च्या कायद्याने सशुल्क सार्वजनिक तलावावर पदविकाधारक जीवरक्षक सक्तीचा केला आणि २००३च्या कायद्याने खासगी तलावांनाही कुंपण, गजर, आच्छादन यांसारखी सोय बंधनकारक केली. अमेरिकेत सीडीसीने २०१४ साली आदर्श संहिता काढली, पण ती स्वीकारायची की नाही हे राज्ये ठरवतात. तिथल्या पाच मोठ्या राज्यांतल्या २०१३ सालच्या ८४ हजारांहून अधिक तपासण्यांचा हिशेब झाला, तेव्हा सुमारे ७८ टक्क्यांमध्ये निदान एक नियमभंग आढळला आणि दर आठांतली एक तपासणी तलाव तत्काळ बंद करून संपली. लहानग्यांच्या उथळ तलावांत हे प्रमाण पाचांत एक होते. हे आकडे वाचून अमेरिकेला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांनी तपासले, मोजले आणि जाहीर केले, म्हणून आकडे आहेत.

भारतात देशभर लागू असा जलतरण तलावांचा स्वतंत्र कायदा नाही. पाण्याच्या गुणवत्तेचे भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. पण कोणत्या नियमाने किंवा निविदेने त्याचा आधार घेतला नाही, तर ते पाळणे ऐच्छिकच राहते. दिल्लीत वर्षानुवर्षे तलावाचा परवाना पोलिस देत होते. जून २०२५ मध्ये नायब राज्यपालांच्या आदेशाने तो अधिकार पोलिसांकडून काढून घेण्यात आला. पीएच किती असावा हे विचारणे पोलिस ठाण्याचे काम नव्हे, हे खरेच. पण ते महापालिकेच्या आरोग्य खात्याचे, क्रीडा खात्याचे की अभियंत्याचे, याचे उत्तर प्रत्येक शहरात वेगळे मिळते. आणि अपघातानंतर प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते.

यावर ‘मग तलाव बंदच करा’ असे म्हणणारे असतात, आणि हा सर्वांत वाईट सल्ला आहे. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. त्यांतली बहुतेक नदी, विहीर, तळे, कालवा, समुद्र यांत जातात. महाराष्ट्रात त्यात शेततळ्यांची भर पडली आहे. प्लास्टिकचे अस्तर ओले झाले की त्यावर पाय ठरत नाही, आणि आत पडलेल्या पोहणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकवणारे काका-मामा आता कमी झाले आहेत. दहा-पंधरा बिऱ्हाडांच्या चाळीतल्या मुलीला पोहणे शिकायचे असेल, तर तिच्यासाठी महापालिकेचा तलाव हीच एक परवडणारी जागा आहे. तिथला नियम कडक असावा तो यासाठी, की तिच्या आईने तिला तिथे निर्धास्त पाठवावे.

फ्रान्समध्ये आरोग्य यंत्रणेच्या तपासणीचा निकाल तलावावरच लोकांना दिसेल असा लावावा लागतो. ही पद्धत उचलायला आपल्याला नव्या कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही, महापालिकेचा एक ठराव पुरतो. तिकीटखिडकीशेजारी एक फळा. त्यावर मुक्त क्लोरीन, एकूण क्लोरीन, पीएच आणि ते मोजल्याची वेळ, प्रत्येक बॅचआधी नव्याने लिहिलेली. खाली त्या बॅचच्या जीवरक्षकाचे नाव आणि प्रमाणपत्राची मुदत. मार्चअखेर उन्हाळी बॅचचे पास निघू लागतात आणि त्याआधीच बहुतेक महापालिकांच्या अंदाजपत्रकांवर सभागृहांत चर्चा होते. डीपीडीचे संच, दुसऱ्या जीवरक्षकाचा पगार आणि रसायनांच्या दोन वेगळ्या खोल्या या तीन गोष्टींची तरतूद त्याच वेळी मागावी लागेल.